पावलांची प्रार्थना : रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल

आषाढी एकादशीच्या या विशेष पानावर एका ज्यू धर्मगुरूचे चरित्र आम्ही का देत आहोत, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. त्याचे उत्तर त्या चरित्रातच आहे. देवाकडे नेणारी वाट पायांनी चालावयाची असते, आणि त्या वाटेवरील सोबत्याची जात वा वित्त विचारावयाचे नसते, हे महाराष्ट्रातील भाविक घरांस निराळे सांगावयास नको. परंतु ज्या वाटेच्या अखेरीस मंदिर नाही, राज्याचे विधानभवन आहे, आणि जेथे मागणे मोक्षाचे नाही, मताधिकाराचे आहे, ती वाटही उपासनेची असू शकते काय? रब्बी हेशेल यांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी या प्रश्नाचे उत्तर आपल्या पावलांनी दिले. त्या उत्तरापर्यंत ते कसे पोहोचले, हे आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ज्यू धर्म आमच्या भूमीस परका नाही. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायल लोक मराठी बोलत, तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत; म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतचा तो पवित्र विसावा म्हणजे शब्बाथ. आमच्या कथेत त्यास महत्त्वाचे स्थान आहे.

वॉर्साचे घराणे

अब्राहम जोशुआ हेशेल यांचा जन्म ११ जानेवारी १९०७ रोजी पोलंडमधील वॉर्सा नगरीत झाला. त्या वेळी तेथे रशियाच्या झारचे राज्य होते. सहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. पिता मोशे मोर्देखाय आणि माता रायझेल या उभयतांची कुळे हसिदी पंथातील थोर गुरूंची होती. अठराव्या शतकात पूर्व युरोपात उदयास आलेल्या या पंथास ज्यू धर्मातील भक्तिमार्ग म्हणता येईल. कोरड्या पांडित्यापेक्षा अंतःकरणाचा ओलावा मोठा, अशिक्षित मनुष्याची सरळ हाकही देवापर्यंत पोहोचते, आणि नित्याच्या कामकाजातही ईश्वराचे सान्निध्य लाभू शकते, ही त्या पंथाची शिकवण. अप्ट येथील ज्या विख्यात रब्बींचे नाव या बालकास देण्यात आले, ते त्याचे पूर्वजच. बर्दिचेव्हचे रब्बी लेवी यित्झाक हेही त्याच वंशवृक्षातील. दीनदुबळ्यांचा कैवार घेऊन ते प्रत्यक्ष देवाशी वाद मांडीत, अशी त्यांची ख्याती आहे.

अशा घरातील मुलाकडे भावी गुरू म्हणूनच पाहिले जाई. तो खोलीत शिरला की वडीलधारी माणसे आदराने उठून उभी राहत. परंतु १९१६ मध्ये साथीच्या तापाने पित्याचे निधन झाले आणि नऊ वर्षांच्या मुलाचे छत्र हरपले. तोरा म्हणजे ज्यूंची धर्मसंहिता आणि तालमूद म्हणजे तिच्यावरील महाचर्चेचा ग्रंथ. या दोहोंचे अध्ययन घरातील परंपरेप्रमाणे चालू राहिले. गुरुपदाचे आसन तयार होते. पण या तरुणास त्याच्या बाहेरचे जगही पाहावयाचे होते. प्रथम व्हिल्ना येथील विद्यालयात आणि १९२७ पासून बर्लिनच्या विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास आरंभिला. नित्यकर्म मात्र त्यांनी सोडले नाही.

बर्लिनमधील एका सायंकाळची आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. महानगराच्या भव्य रस्त्यांतून तत्त्वज्ञानाच्या विचारात ते चालले होते. सूर्य मावळून गेला, आणि संध्याप्रार्थनेची वेळ आपल्या ध्यानातच राहिली नाही, हे त्यांच्या एकाएकी लक्षात आले. ईश्वरविषयक सिद्धान्तांचा ऊहापोह दिवसभर चालावा आणि ईश्वराचेच विस्मरण व्हावे, या जाणिवेने ते हलून गेले. तेथेच त्यांनी प्रार्थना म्हटली. मन तयार असो वा नसो, नेमलेली वेळ मनुष्यास बोलावीत असते आणि त्याने उत्तर द्यावयाचे असते, हा धडा त्यांनी जन्मभर जपला.

गेलेले मत, गेलेले घर

हेशेल यांचा प्रबंध प्राचीन इस्रायलच्या संदेष्ट्यांवर होता. आमोस, यशया, यिर्मया हे संदेष्टे भविष्य वर्तविणारे ज्योतिषी नव्हेत. विधवा, अनाथ आणि परदेशी यांच्यावर होणाऱ्या अन्यायाने ईश्वर व्यथित होतो, ही व्यथा ज्यांना सोसवेना अशी ती माणसे होती. अलिप्त आणि निर्विकार देवाची कल्पना बाजूस सारून, मनुष्याविषयी व्याकूळ असणारा देव हेशेल यांनी या ग्रंथात मांडला. १९३३ च्या जानेवारीअखेर हिटलर सत्तेवर आला आणि पुढच्याच महिन्यात या विषयाची परीक्षा झाली. ज्यू विद्यार्थ्याचा ग्रंथ जर्मनीत छापणे दुष्कर झाल्याने तो अखेर १९३६ मध्ये पोलंडमधील क्राकोव्ह येथे प्रसिद्ध झाला.

त्या वर्षांत जर्मनीमध्ये जे घडले त्यातील एक गोष्ट आम्ही वाचकांच्या विशेष लक्षात आणून देतो. छळछावण्यांतील संहार आरंभीच आला नाही. १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्युरेंबर्ग येथे नागरिकत्वाचा कायदा झाला आणि १४ नोव्हेंबरच्या त्याच्या पहिल्या नियमावलीने ठरविले की, ज्यू मनुष्य राष्ट्राचा नागरिक असू शकत नाही व राजकीय बाबतीत त्यास मत नाही. जे जर्मनीसाठी पहिल्या महायुद्धात लढले होते, त्यांचेही मत एका कागदाने गेले. हेशेल स्वतः पोलंडचे नागरिक असल्यामुळे त्यांना तेथे मत नव्हतेच. पण त्यांचे शेजारी, गुरुजन आणि सहाध्यायी यांच्यावर काय गुदरले, हे ते पाहत होते. ज्याचे मत मोजले जात नाही, त्याची तक्रार ऐकण्याचे कारण राज्यकर्त्यास उरत नाही. मतापाठोपाठ उद्योग गेला, शाळा गेली, घर गेले, आणि शेवटी प्राण गेले.

१९३७ मध्ये विख्यात तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी फ्रँकफुर्टच्या ज्यू विद्यापीठातील आपले कार्य हेशेल यांच्या हाती सोपविले. जेमतेम वर्ष लोटले असेल. २८ ऑक्टोबर १९३८ रोजी पोलिसांनी त्यांना घरातून उचलले आणि पोलिश नागरिकत्वाच्या हजारो ज्यूंबरोबर आगगाडीत कोंबून पोलंडच्या सीमेवर नेऊन सोडले. वॉर्सात काही महिने त्यांनी अध्यापन केले. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील हिब्रू युनियन कॉलेजचे अध्यक्ष ज्युलियन मॉर्गनस्टर्न हे त्या काळी युरोपातील ज्यू पंडितांना बोलावून घेण्यासाठी धडपडत होते. त्यांच्या प्रयत्नांमुळे हेशेल यांचा मार्ग मोकळा झाला. जुलै १९३९ मध्ये त्यांनी वॉर्सा सोडले. त्यानंतर सहा आठवड्यांतच जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसले.

मागे राहिलेली माता आणि तीन बहिणी या संहारात नाहीशा झाल्या. लंडनमार्गे मार्च १९४० मध्ये हेशेल न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. आपण आगीतून ओढून काढलेले एक लाकूड आहोत, अशा अर्थाचे ते पुढे स्वतःविषयी सांगत.

नवी भूमी

पाच वर्षे सिनसिनाटीत काढून १९४५ पासून ते न्यूयॉर्कच्या ज्यू थिऑलॉजिकल सेमिनरीत अध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. डिसेंबर १९४६ मध्ये पियानोवादक सिल्व्हिया स्ट्राउस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. इंग्रजी ही त्यांची उशिरा शिकलेली भाषा. तरीही तिच्यात त्यांनी जे गद्य लिहिले ते विद्वानांइतकेच सामान्य वाचकांनीही डोक्यावर घेतले. १९५१ मध्ये शब्बाथवरील त्यांचे छोटेखानी पुस्तक निघाले. इतर लोकांनी अवकाशात मंदिरे उभारली, ज्यूंनी काळात मंदिर उभारले, असा त्याचा आशय. मनुष्य ईश्वरास शोधतो त्याहून अधिक आर्ततेने ईश्वर मनुष्यास शोधीत असतो, हा विचार त्यांनी १९५५ च्या ग्रंथात मांडला.

एवढ्यावर हे चरित्र थांबले असते, तर एका भाविक पंडिताचे चरित्र म्हणून ते पुरेसे होते. परंतु संदेष्ट्यांवरचा तो जुना जर्मन ग्रंथ इंग्रजीत नव्याने, विस्ताराने लिहिण्याचे काम त्यांनी हाती घेतले आणि १९६२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या लेखनाने लेखकालाच स्वस्थ बसू दिले नाही. आमोसाचा संताप ज्याने अभ्यासिकेत बसून वर्षानुवर्षे उलगडला, त्यास खिडकीबाहेरचा अन्याय न पाहण्याची सवलत उरली नव्हती. ग्रंथांच्या ढिगाऱ्यातून आपल्याला रस्त्यावर आणले ते संदेष्ट्यांनीच, असे ते सांगत.

जानेवारी १९६३ मध्ये शिकागो येथे धर्म आणि वंश या विषयावर राष्ट्रीय परिषद भरली. तेथे हेशेल आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची प्रथम भेट झाली. हेशेल यांनी आपल्या भाषणात सभेस स्मरण दिले की, या विषयावरची पहिली परिषद मिसर देशात मोशे आणि फारो यांच्यात झाली होती, आणि तिचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. त्याच वर्षी जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना पाठविलेल्या तारेत त्यांनी देशात नैतिक आणीबाणी जाहीर करण्याची मागणी केली, आणि कृष्णवर्णीयांचा अवमान जोपर्यंत आम्ही चालू ठेवतो तोपर्यंत ईश्वराची पूजा करण्याचा आमचा अधिकारच नष्ट होतो, असे निक्षून कळविले. धर्मगुरूने राज्यकर्त्यास लिहिलेली ही तार असली, तरी तिचा रोख प्रथम धर्मगुरूंवरच होता.

हेशेल आणि किंग यांचे सूत जुळले ते मोशेच्या कथेवर. मिसरच्या दास्यातून सुटलेल्या लोकांची ती कथा ज्यू कुटुंबे दर वसंतात पेसाखच्या सणाला जेवणाच्या पाटावर बसून वाचतात. तीच कथा अमेरिकेतील गुलामांनी आपल्या भजनांत गायिली होती. किंग यांच्या मार्गात आमच्या देशाचाही वाटा होता. अहिंसक प्रतिकाराची दीक्षा त्यांनी गांधीजींच्या चरित्रातून घेतली होती आणि १९५९ मध्ये भारतात आले असता ते मुंबईच्या मणिभवनात मुक्कामास राहिले होते.

सेल्माचा पूल

अमेरिकेच्या घटनेने १८७० मध्येच वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली होती. तरीही अलाबामा राज्यातील सेल्मा हे गाव ज्या डॅलस परगण्यात आहे, तेथील मतदानाच्या वयाच्या सुमारे १५,००० कृष्णवर्णीयांपैकी १९६५ च्या प्रारंभी जेमतेम दोन टक्के लोकांची नावे मतदारयादीत होती. नोंदणीचे कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडे. तेथे घटनेतील कलमांचा अर्थ विचारावयाचा, आणि उत्तर बरोबर की चूक हे गोऱ्या कारकुनाने ठरवावयाचे. मतदार असलेल्या एखाद्या माणसाने हमी द्यावयाची, अशीही अट असे. आणि मतदार तर बहुतेक गोरेच. ७ ऑक्टोबर १९६३ रोजी सुमारे साडेतीनशे कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष न्यायालयाच्या इमारतीपुढे दिवसभर उन्हात रांगेत उभे राहिले. त्यांना पाणी आणि अन्न देण्यास पुढे आलेल्यांना पोलिसांनी अडविले. रांगेत दिसल्यामुळे कित्येकांची नोकरी जाई. मत देणे ही ज्यांना सुट्टीच्या दिवसाची गैरसोय वाटते, त्यांनी ही रांग डोळ्यांपुढे आणावी.

या रांगेसाठी रक्तही सांडले होते. २१ जून १९६४ रोजी मिसिसिपी राज्यात मतदारनोंदणीच्या कार्यात असलेले तीन तरुण मारले गेले. जेम्स चेनी कृष्णवर्णीय होता; अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे दोघे न्यूयॉर्कचे ज्यू. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी अलाबामात जिमी ली जॅक्सन या तरुणास पोलिसाची गोळी लागली आणि आठ दिवसांनी तो वारला. त्याच्या मृत्यूने व्यथित झालेल्या लोकांनी सेल्माहून राजधानी माँटगोमेरीपर्यंत ५४ मैल पायी जाण्याचे ठरविले. ७ मार्च, रविवार. अलाबामा नदीवरील एडमंड पेटस पुलापलीकडे पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या, अश्रुधूर आणि घोडे सोडले. ती दृश्ये त्याच रात्री घरोघरी दूरचित्रवाणीवर दिसली. दोनच दिवसांनी गोऱ्या गुंडांनी जेम्स रीब या धर्मोपदेशकास मारहाण केली व ११ मार्चला त्यांचा अंत झाला.

हेशेल न्यूयॉर्कमध्ये होते. पोलिसी अत्याचाराचा निषेध करण्यासाठी सुमारे आठशे लोक केंद्रीय गुप्तचर खात्याच्या तेथील कचेरीवर गेले, त्यांच्या अग्रभागी ते होते. नंतर १९ मार्च रोजी, शुक्रवारी, किंग यांची तार आली: रविवारी सेल्मास या. संध्याकाळी शब्बाथ लागणार होता. शब्बाथात प्रवास वर्ज्य. हेशेल यांनी व्रत मोडले नाही आणि बोलावणेही नाकारले नाही. दिवे लागले, विसावा पाळला गेला, आणि शनिवारी रात्र पडून शब्बाथ सरल्यावर पत्नीचा व मुलीचा निरोप घेऊन ते विमानाने निघाले. आप्तांस त्यांची काळजी वाटणे साहजिक होते. त्या वाटेवर महिनाभरात दोन माणसे मेली होती. अलाबामाच्या विमानतळावर उतरल्या क्षणापासून गोऱ्या लोकांच्या नजरांतील द्वेष आपणास जाणवत होता, असे त्यांनी नंतर नमूद केले. जर्मनीत हिंडलेल्या मनुष्यास तो द्वेष नवा नव्हता.

२१ मार्च १९६५ च्या सकाळी ब्राउन चॅपल या प्रार्थनामंदिरात हेशेल यांनी सत्ताविसावे स्तोत्र वाचले. ईश्वर हाच आपला प्रकाश असता भय कोणाचे बाळगावे, असा त्या स्तोत्राचा भाव आहे. मग सुमारे ३,२०० लोक पुलाच्या दिशेने निघाले. पहिल्या रांगेत किंग, राल्फ अबरनॅथी, संयुक्त राष्ट्रसंघाचे राल्फ बंच, आणि त्यांच्यासमवेत शुभ्र केसांचे व दाढीचे हेशेल. हवाईहून आलेल्या मंडळींनी आणलेले फुलांचे हार सर्वांच्या गळ्यांत होते. चौदा दिवसांपूर्वी जेथे लाठ्या पडल्या, तो पूल त्यांनी ओलांडला. 

परतल्यावर हेशेल यांनी जे लिहिले ते जगप्रसिद्ध झाले. पाय म्हणजे ओठ नव्हेत आणि चालणे म्हणजे गुडघे टेकणे नव्हे, हे ते जाणून होते. तरीही आपले पाय त्या दिवशी प्रार्थना करीत होते, असा अनुभव त्यांनी नोंदविला. ही केवळ कवीची उपमा नव्हे. ज्यू धर्मातील आचारशास्त्रास हलाखा म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ धातू चालणे या अर्थाचा आहे. आमच्या आचरण या शब्दातही चर् म्हणजे चालणे हाच धातू आहे. दोन्ही भाषांनी धर्माची कल्पना केली ती चालण्याच्या रूपात.

त्याच टिपणात त्यांनी एक खंतही लिहून ठेवली. या चळवळीत कितीतरी ज्यू तरुण सामील झाले होते. पण आपण करीत आहोत ते आपल्याच संदेष्ट्यांचे कार्य आहे, याची बहुतेकांना जाणीव नव्हती, आणि धर्मसंस्थांनी ती करून दिली नव्हती. मंदिरे नियमित उघडत होती, पूजा यथासांग चालत होती, आणि धर्माचा अर्थ मात्र रस्त्यावर शोधावा लागत होता. कोणत्याही धर्माच्या माणसाने ही खंत स्वतःस लावून पाहावी.

यात्रा २५ मार्चला माँटगोमेरीस पोहोचली, तेव्हा २५,००० लोक जमले होते. त्याच रात्री यात्रेकरूंना मोटारीने परत पोहोचविणाऱ्या व्हायोला लिउझो या मिशिगनच्या गृहिणीस गोळ्या घालून ठार करण्यात आले. ६ ऑगस्ट १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मताधिकाराच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. वर्षअखेरीपर्यंत सुमारे अडीच लाख नवे कृष्णवर्णीय मतदार नोंदले गेले. मिसिसिपीत पूर्वी शंभरात सात कृष्णवर्णीयांचीही नोंद नव्हती. १९६७ पर्यंत ती साठाच्या घरात गेली. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील एक प्रमुख तरतूद निष्प्रभ केली आणि तो वाद पुन्हा पेटला. एका पिढीने मिळविलेला हक्क पुढच्या पिढीस राखावाच लागतो.

परंपरेचे पाठबळ

सेल्मास निघालेला रब्बी धर्म सोडून राजकारणात शिरला, असे म्हणणारे लोक तेव्हाही होते. दक्षिणेतील लहान लहान ज्यू वसाहतींस तर भय वाटे की, उत्तरेतून येणाऱ्या रब्बींच्या कृतीचे प्रायश्चित्त आपणास भोगावे लागेल. म्हणून ज्यू परंपरा या बाबतीत काय सांगते, हेही पाहिले पाहिजे.

तालमुदातील एक कथा अशी : निवासमंडप बांधण्यासाठी देवाने बसालेल नावाच्या कारागिराची निवड केली आणि मोशेला विचारले, हा तुला योग्य वाटतो काय? मोशे म्हणाला, आपणास योग्य वाटला तर मला निराळे विचारणे कशाला? तेव्हा देवाने आज्ञा केली की, जा आणि लोकांना विचार. यावरून तालमुदाने नियम काढला की, समाजाच्या संमतीवाचून समाजावर अधिकारी नेमू नये. ज्यास सर्व ठाऊक आहे तो देवही लोकांना विचारल्यावाचून राहत नाही, तेथे राजाची वा पुढाऱ्याची काय कथा! ज्याला विचारले जाते, त्याच्यावर उत्तर देण्याचे कर्तव्यही येते. समाजापासून स्वतःला वेगळे काढू नको, अशी प्राचीन गुरू हिलेल यांची शिकवण. आणि ज्या नगरात राहता त्या नगराचे कल्याण शोधा, हा बाबिलोनच्या बंदिवासातील ज्यूंना यिर्मयाने पाठविलेला निरोप. ते नगर शत्रूचे होते, तरीही.

अर्वाचीन काळात या तत्त्वाची कसोटी १९२० च्या सुमारास पॅलेस्टाइनमध्ये लागली. तेथील ज्यूंच्या प्रतिनिधिसभेसाठी स्त्रियांना मत द्यावे की नाही, यावर धर्मपंडितांत तीव्र मतभेद झाला. थोर रब्बी कूक विरोधात होते. रब्बी बेन-झियोन उझिएल यांनी मात्र निर्णय दिला की, निवडलेल्यांचे नियम ज्या स्त्रियांवर बंधनकारक होणार, त्यांना निवडण्याचा अधिकार नाकारणे न्याय्य ठरत नाही. पुढे १९३९ मध्ये हेच उझिएल पवित्र भूमीचे सेफार्दी प्रमुख रब्बी झाले. अमेरिकेतील सनातनी ज्यूंचे सर्वमान्य निर्णयकार रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी १९८४ मध्ये पत्र काढून आपल्या अनुयायांस मतदार म्हणून नाव नोंदविण्यास व मत देण्यास सांगितले. ज्या देशाने आश्रय आणि धर्मस्वातंत्र्य दिले त्याविषयीची कृतज्ञता हे त्यांनी दिलेले कारण. कृतज्ञता हे ज्यू नीतिशास्त्रात ऐच्छिक सद्गुण नसून ऋण आहे.

हेशेल यांनी या परंपरेत घातलेली भर वेगळी आहे. आपले मत देणे हे कर्तव्य खरेच. पण शेजाऱ्याचे मत हिरावले जात असता आपण आपल्या प्रार्थनेत मग्न राहणे, हा देवाचाच अपराध आहे, असे ते मानीत. अन्याय करणारे मूठभर असतात. जबाबदार मात्र सर्वच असतात, हे त्यांचे सूत्र होते. बर्लिनमध्ये ज्यूंचे मत गेले तेव्हा चांगली, धर्मशील, चर्चमध्ये जाणारी माणसे गप्प राहिली होती. तीच गप्प राहण्याची पाळी अमेरिकेत आपल्यावर आली, तेव्हा त्यांनी ती नाकारली.

अखेरचा शब्बाथ

पुढची सात वर्षेही स्वस्थतेची नव्हती. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध धर्मगुरूंची संघटना उभारण्यात हेशेल यांनी पुढाकार घेतला. ख्रिस्ती चर्चने ज्यूंविषयीचा जुना द्वेषभाव टाकावा, यासाठी त्यांनी व्हॅटिकनशी बोलणी केली होती. १९६५ च्या ऑक्टोबरात चर्चच्या महासभेचा जो प्रसिद्ध ठराव झाला, त्यामागे त्यांचेही श्रम होते. २५ मार्च १९६८ रोजी रब्बींच्या अधिवेशनात हेशेल यांच्या साठीनिमित्त सत्कार झाला, तेव्हा प्रमुख पाहुणे किंग होते. जमलेल्या रब्बींनी चळवळीचे गीत हिब्रूत गाऊन त्यांचे स्वागत केले. येत्या पेसाखला किंग कुटुंबाने हेशेल यांच्या घरी यावे, असे निमंत्रण गेले होते. दहा दिवसांनी, ४ एप्रिलला, किंग यांची हत्या झाली. त्या वर्षीच्या पेसाखला मिसरमधून सुटकेची कथा वाचली गेली. पाहुण्यांची जागा मात्र रिकामी राहिली.

१९६९ मध्ये हेशेल यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. प्रकृती पूर्ववत झाली नाही. तरीही २० डिसेंबर १९७२ रोजी कडक थंडीत ते कनेटिकट राज्यातील डॅनबरीच्या तुरुंगाबाहेर उभे होते. युद्धविरोधासाठी शिक्षा भोगलेले कॅथलिक धर्मगुरू फिलिप बेरिगन त्या दिवशी सुटणार होते आणि त्यांच्या स्वागतास आपण असावे, असे त्यांना वाटले. तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. घरी शब्बाथ लागला, नेहमीप्रमाणे इष्टमित्र भोजनास आले. रात्री निजलेले हेशेल २३ डिसेंबरच्या सकाळी उठले नाहीत. वय पासष्ट. शब्बाथात झोपेत मृत्यू येणे, हे ज्यू परंपरेत देवाच्या कृपेचे लक्षण मानतात.

आमच्या भाषेने मत देण्याच्या क्रियेस दान म्हटले आहे. हिब्रू भाषेत दानास त्सेदाका असा शब्द आहे आणि त्याचे मूळ न्याय या अर्थाच्या शब्दात आहे. गरजूस काही देणे म्हणजे उपकार नव्हे. त्याचे जे होते ते त्याला पोहोचविणे होय, अशी त्यामागील दृष्टी. मतदानही या दृष्टीने पाहिले तर त्यात राग, लोभ, जातीचा अभिमान आणि पदरात पडणारा मोबदला यांना स्थान उरत नाही. दान अपात्री पडू नये, ही चिंता आमच्या घरांतून पूर्वापार वाहिली जाते. तीच चिंता मतपेटीपुढेही वाहिली पाहिजे. आणि वस्तीतील एखाद्या दुबळ्याचे नाव यादीतून गळले असेल, एखाद्या म्हातारीस केंद्रापर्यंत जाववत नसेल, एखाद्यास कोणी धाकदपटशा दाखवीत असेल, तर त्याच्यासोबत चार पावले चालणे हेही त्याच दानाचे अंग आहे.

आज घरोघरी उपवास असेल, देवापुढे दिवा लागेल, नामस्मरण होईल. वॉर्साच्या त्या भाविक घरातही दर शुक्रवारी दिवे लागत. त्या दिव्यांच्या उजेडात वाढलेल्या एका मुलाने देवाची आठवण आणि शेजाऱ्याची आठवण यांत अंतर पडू दिले नाही. त्याच्या चरित्राचे एवढे स्मरण या पर्वकाळी आमच्या वाचकांनी आपल्या पूजेत ठेवावे, अशी आमची विनंती आहे.